पोकळ तुपाच्या मागावर काशीपर्यंत

काशीहून परतलेल्या माणसाकडे लोक गंगाजल मागतात. मागणाऱ्यांना आधीच सांगून टाकते, गडू आणलेला नाही. मी यात्रेला गेले नव्हते, पुरावा आणायला गेले होते.

माझी पत्रके वाचकांपैकी काहींनी वाचली असतील आणि पुष्कळांनी त्यांत चिवडा बांधून नेला असेल. तरी सांगते. डब्यातल्या वनस्पती तुपाविरुद्ध मी कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत प्रत्येक बाजारात उभी राहून ओरडले आहे. युद्धाने साजूक तूप गरिबाच्या ताटातून उचलले आणि गिरणीवाल्यांनी लगेच डबे पुढे केले. शेंगदाण्याचे चांगले वाहते तेल घ्यायचे, त्यात वायू सोडून ते गोठवायचे, वर तुपासारखा दाणा आणायचा आणि 'तूप' म्हणून खपवायचे! सरकार म्हणते, पोटाला अपाय नाही. आमच्या पोटाला कशाकशाने अपाय होतो, हे या सरकारने आजवर कधी विचारले आहे?

सभेत मात्र एखादा वकील उठून विचारायचा, "बाई, पुरावा?" आणि मी गप्प व्हायची. तेवढ्यात कळले की काशीच्या एका कॉलेजात देवधर आडनावाच्या एक रसायनशास्त्रज्ञ बाई उंदरांना वनस्पती तूप चारून बघत आहेत. मी लांबलचक पत्र लिहिले. उत्तर आले, "येऊन पाहा." कऱ्हाडची काही मंडळी प्रयागला निघालीच होती. त्यांच्याबरोबर गेले, त्यांना संगमावर सोडले आणि पुढे एकटी काशीला उतरले.

दूधविनायक

पहिल्याच दिवशी फजिती झाली. स्टेशनवरून एक्क्याने, म्हणजे एका घोड्याच्या गाडीने, निघाले, गल्लीच्या तोंडाशी उतरले, ट्रंक घेतली आणि पत्रकांचा गठ्ठा एक्क्यातच राहिला. एक्केवाला दिसेनासा झाला. मागच्या गल्लीतून बैल येत होता, म्हणून एक्क्यामागे धावायचीही सोय नव्हती. काशीत गल्ली बैलाची असते, आपण बाजूच्या ओट्यावर चढायचे.

दूधविनायकाच्या त्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरे आहेत. कृष्णाताई देवधरांचे घर असेच. दार त्यांच्या आईंनी उघडले.

"ये ये, अगं किती थकली आहेस! आधी नहाऊन घे, मग जलपान कर. कृष्णा अजून कॉलेजातून लौटली नाही."

तिथे सगळे असेच बोलतात. बाहेर हिंदी, माजघरात मराठी आणि उंबऱ्यावर दोन्हींची मिसळ. जेवायला बसले तर वरण आपले, चटणी आपली, भात आपला, आणि भोपळ्याची भाजी सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलातली. पहिला घास नाकातून मेंदूपर्यंत गेला. डोळ्यांतून पाणी आले.

"घरची आठवण आली का ग?" आईंनी मायेने विचारले.

मी हो म्हटले. तेलाचा अपमान कशाला करा!

कृष्णाताई संध्याकाळी आल्या. तिशीच्या, उंच, पदर खोचलेल्या, बोलणे तुटक. मी बसल्या जागी सगळे सांगून टाकले. वनस्पती तूप विष आहे असे चार ओळींत लिहून त्यांनी खाली सही द्यावी, मी ते मथळ्याखाली छापते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "उंदीर बघितले नाहीत अजून आणि सही मागताय? उद्या चला."

उंदरांच्या खोलीत

प्रयोगशाळा म्हणजे मला वाटले होते काचेच्या नळ्यांचा महाल. होती एक लांबोडकी खोली, एका भिंतीला जाळीचे पिंजरे आणि असा काही वास की नाकाला पदर लावावा. पिंजऱ्यांची साफसफाई करणारा नोकर आत शिरताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार करत होता. "गणपतीचं वाहन आहे ना," कृष्णाताई म्हणाल्या. "त्याला मी मना करत नाही. नमस्काराने निकाल बदलत नाही."

सर्व उंदरांना खाणे एकच होते, सत्त्व धुऊन काढलेले. फरक फक्त वरच्या स्निग्धाचा. पहिल्या पिंजऱ्यांत गाईचे तूप मिळणारे उंदीर होते, तुकतुकीत आणि उड्या मारणारे. पुढच्यांत वनस्पतीवाले. त्यांची वाढ खुंटली होती, केस उभे राहिले होते आणि पापण्या सुजून चिकटल्या होत्या. एक कोपऱ्यात बसून आपल्या डोळ्यावरून पुन्हा पुन्हा पंजा फिरवत होता.

"बघा!" मी ओरडलेच. "आणखी काय हवंय? विष!"

"जरा पुढे चला."

पुढच्या पिंजऱ्यांतही वनस्पतीच होती. पण त्या उंदरांना माशाच्या यकृताच्या तेलाचा एक थेंब रोज मिळत होता. ते तुपावरच्या उंदरांइतकेच तुकतुकीत. त्याच्या पुढच्यांना वनस्पती आणि वाळवलेल्या पाल्याची चिमूट. तेही बरे. आणखी पुढे शुद्ध सरसोंचे तेल मिळणारे. त्यांचे डोळे? तसेच सुजलेले!

"सरसोंचं तेल विष आहे का?" कृष्णाताईंनी विचारले. "तुमच्या घरचं शेंगदाण्याचं?"

मी मागे जाऊन त्या सुजलेल्या पापण्या पुन्हा बघून आले.

"मग समजून घ्या. डोळ्याला अ जीवनसत्त्व लागतं. ते गाईच्या तुपात आहे, कारण गाय हिरवं खाते. या डब्यात नाही, साध्या तेलातही नाही. वनस्पती विष नाही, पोकळ आहे. गाडी आहे, माल नाही. पाल्यात जे पिवळं द्रव्य असतं त्याचं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. पण नुसता पाला खाल्ला तर त्यातलं फार थोडं अंगी लागतं. त्याला स्निग्ध हवं, कुठलंही चालेल. तिथे माल आहे आणि गाडी नाही. दोन्ही द्या, उंदीर बघू लागतो."

"पण लोकांना हे 'पोकळ' कळत नाही, कृष्णाताई! विष म्हटलं की कळतं. थोडं वाढवून सांगितलं तर कुणाचं वाईट होणार आहे?"

त्यांनी त्या कोपऱ्यातल्या उंदराकडे बोट केले. "याचे डोळे मी घेतले. जाणूनबुजून. उद्या मरेल कदाचित. एवढं घेतल्यावर खोटं लिहू? मग मी याचे डोळे कशासाठी घेतले?"

मी रागाने बाहेर आले. सही मिळाली नव्हती. एवढा प्रवास, एवढी धूळ, आणि हाती काय, तर पोकळ!

राग आला की मला भूक लागते. चौकात कचौडीवाल्यापुढे उभी राहिले. त्याने कचौडी कागदावर ठेवली आणि कागद बघून माझे डोळे विस्फारले. माझेच पत्रक! एक्केवाल्याने गठ्ठा रद्दीत घातला होता. तेवढ्यात कचौडीवाल्याचीही नजर मथळ्यावर गेली. अक्षरे त्याच्या ओळखीची, शब्दही.

"ई का लिखल बा? विष? अरे राम! हमरी कचौड़ी पर विष! गाहक भाग जइहें!"

कागद माझे आहेत असे मी कबूल करताच त्याने उरलेले सगळे गोळा करून मला परत दिले आणि पुन्हा दुकानाशी येऊ नका म्हणून बजावले. कचौडी डब्यातल्या वनस्पतीतच तळलेली होती, हे मी त्याच्या कढईशेजारच्या डब्यावरून ताडले. चांगली खुसखुशीत होती, हेही लिहिणे भाग आहे. खाऊन मला काही झाले नाही. त्या रात्री मी मथळ्यातला 'विष' हा शब्द खोडला. खोडताना पेन कागदात घुसले.

रामनगरहून परतताना

आश्विन चालू होता. रामनगरला रामलीला, सारी काशी नावेने पलीकडे लोटलेली. आई म्हणाल्या, एवढी आलीस तर बघून ये. सोबतीला वामन दिला.

वामन हा कृष्णाताईंच्या काकांचा विद्यार्थी. काका म्हणजे गोविंदशास्त्री. त्याच गल्लीत त्यांची वेदपाठशाळा आहे आणि तिला जोडून अन्नछत्र. वामन नाशिककडचा, विशीचा, सडपातळ. सारी संहिता पाठ करून आता घनपाठाच्या मागे लागलेला. घनपाठ म्हणजे वेदातले शब्द उलटसुलट गुंफून म्हणायची सगळ्यांत अवघड रीत. येत्या यज्ञात त्याला ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारा पुरोहित, म्हणून बसायचे होते. नावेत तो मला त्याबद्दलच सांगत होता आणि मी त्याला गिरणीवाल्यांबद्दल. दोघेही एकमेकांचे ऐकत नव्हतो. बरे चालले होते.

रामनगरच्या बाजारात त्याने मला पेढे दाखवले, स्वतः घेतले नाहीत. "आश्विनात दूध वर्ज्य आमच्यात. श्रावणात शाक म्हणजे पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळ. आणि आमच्या पाठशाळेत शाक तर चारही महिने वर्ज्य. शास्त्रीबुवांच्या गुरूंपासूनची रीत आहे."

"मग खाता काय?"

"भात, वरण. वर तूप."

"कसलं तूप?"

तो घुटमळला. "आता डब्यातलं येतं."

लीला पुरती न बघताच आम्ही निघालो, कारण वामन उगाच घाई करू लागला होता. सूर्य बुडता बुडता नाव अलीकडे लागली. मला पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. लोक उतरत होते, कुणी संध्या करत होते. वामनने नावेतून पाय बाहेर टाकला तो पायरीवर नाही, पाण्यात. सावरला. पुढची पायरी चढताना गुडघा आपटला. मग त्याने एका म्हाताऱ्या उतारूची बाही धरली.

"ए भाई, अंधे हो का?" नावाडी हसला.

मी वामनचा दंड पकडला. "किती दिसतंय तुला?"

"दिसतंय की."

"माझ्या हातात काय आहे?"

तो माझ्या मुठीकडे डोळे ताणून बघत राहिला. हातात काहीच नव्हते.

"उजेडात सगळं दिसतं," तो हलकेच म्हणाला. "दिवेलागणीला काय होतं कळत नाही. ताई, शास्त्रीबुवांना सांगू नका. अंगात वैगुण्य असलेल्याला ऋत्विज म्हणून बसवत नाहीत. घरी पाठवतील. बारा वर्षं केलेलं सगळं जाईल."

"तू एकटाच?"

त्याने धोतराचा भिजलेला सोगा पिळला. "नाही."

मी त्याला ओढतच कृष्णाताईंपुढे उभे केले. त्यांनी कंदील जवळ धरून डोळे तपासले. डोळ्याच्या पांढऱ्या भागात, बाहेरच्या बाजूला, साबणाचा फेस वाळावा तसा डाग होता. त्या म्हणाल्या, "रातांधळेपण परतवता येतं. पण बुबुळाला व्रण पडला तर परत काही नाही." मग कपाटातून एक बाटली काढली. माशाच्या यकृताचे तेल.

मी त्यांना कोपऱ्यात नेले. "सांगू नका कशाचं आहे. औषध म्हणा."

"उंदरांशी खोटं बोलले नाही. याच्याशी बोलू?"

वामनने बाटली नाकाशी नेली. "मासा आहे?"

"हो."

त्याने बाटली खाली ठेवली आणि हात जोडले. एवढेच.

मी त्याला मूर्ख म्हटले, आणखीही पुष्कळ म्हटले. तो ऐकत राहिला. शेवटी कृष्णाताई म्हणाल्या, "बस करा. मासा घेणार नाही, हे ठरलं. आता काकांकडे जायला हवं. हा एकटा नाही."

पंगत

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गोविंदशास्त्र्यांपुढे बसलो. सत्तरीचा माणूस, खणखणीत आवाज. वामनचे नाव घ्यायचे नाही असे मी कबूल केले होते, आणि माझ्यासारखीला ते फार जड गेले.

"कृष्णे, तुझं म्हणणं काय? मी पोरांना विष घालतो?"

"नाही काका. विष नाही ते. पोकळ आहे."

"मग तूप कुठून आणू? ज्यांच्या गाईंचं तूप यायचं ते यजमान गेले. बाजारचं साजूक घेतलं तर छत्र बंद करावं लागेल."

"तूप नका आणू. पालेभाजी करा. चौलाई, पालक, जे मिळेल ते. सरसोंच्या तेलात."

"चातुर्मासात? या पाठशाळेत?"

इथे माझा संयम सुटला. "शास्त्रीबुवा, तुमच्या गुरूंनी शाक सोडायला सांगितलं तेव्हा भातावर साजूक तुपाची धार होती. पाला सोडला, दही सोडलं, दूध सोडलं, तरी तूप होतं म्हणून पोरांचे डोळे राहिले. ते तूप व्रताचा आधार होतं, पण कुणी तसं लिहून ठेवलं नाही. आता आधार काढून घेतलात आणि व्रत तेवढं ठेवलंत!"

"बाई, तुम्ही सभेत नाही, माझ्या घरात आहात."

"घरात आहे म्हणून तर हळू बोलते आहे."

आईंनी आतून खोकून मला गप्प राहण्याची सूचना केली. शास्त्री मात्र रागावले नाहीत. विचार करून म्हणाले, "आतुराला नियम नसतो, हे मला तुमच्याकडून शिकायला नको. आजारी असेल तो खाईल. कोण आजारी आहे? मी रोज पोरांना ऋचा म्हणायला बसवतो. एकानेही मला काही सांगितलेलं नाही. विचारू?"

विचारले. पोरे रांगेत उभी राहिली. वामन दुसरा. कुणी मान वर केली नाही. "कुणाच्या डोळ्याला काही?" नाही. "कुणाच्या?" नाही. शास्त्र्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या जिभेच्या टोकावर नाव आले होते. कृष्णाताईंनी माझे मनगट इतके घट्ट धरले की बांगडी रुतली.

"काका, एकच मागते. आज सायंकाळची पंगत नेहमीच्या वेळी बसवा. फक्त दिवे जरा उशिरा लावा. आणि तुम्ही वाढायला या."

शास्त्र्यांना यात काही गैर दिसेना. मान हलवली.

छत्राची ओसरी लांब, एका अंगाने उघडी. दिवस नुकताच मावळला होता. मला पळसाच्या पत्रावळीवरचे मीठही वेगळे दिसत होते, आईंना दिसत होते, सत्तरीच्या शास्त्र्यांनाही दिसत होते. ते हातात भाताचे पातेले घेऊन पंगतीत आले.

पहिल्याच पोराने पत्रावळीच्या अलीकडे फरशीवर बोटे टेकली आणि ती हळूहळू पुढे सरकवत पानाची कड शोधली. शास्त्र्यांनी भात वाढला. पोराने तो चाचपला. दुसरा वामन. त्याने पाण्याचे भांडे उचलायला हात नेला तो दीड वीत बाजूला. तिसऱ्याला नीट दिसत होते. चौथ्याने वरणाच्या वाटीत बोटे बुडवली आणि झटकन मागे घेतली. पुढे एक जण इतका सरावला होता की त्याने शेजाऱ्याच्या पानाला कोपर लावून आपल्या पानाची जागा धरून ठेवली होती. ओळभर हात तेवढे फरशीवर हिंडत होते.

शास्त्री पंगतीच्या टोकापर्यंत गेले. पातेले खाली ठेवले.

"दिवे लावा," म्हणाले. आणि कृष्णाताईंना, "मला का नाही सांगितलं यांनी?"

"तुम्ही घरी पाठवाल म्हणून, काका."

"यांना?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "यांना घरी पाठवून मी कुणाला शिकवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आई मंडईतून चौलाईचे भारे घेऊन आलो. ही आपली माठाचीच बहीण, देठ जरा जाड. सरसोंचे तेल कडकडीत तापवले, वास मेल्यावर लसणाशिवाय मिरचीची फोडणी दिली, पाला टाकला. धुराने माझे डोळे पुन्हा भरले. या खेपेला कुणी कारण विचारले नाही. मी भाजी वाढायला उभी राहिले असते, पण त्या ओसरीत बाईने वाढायची रीत नाही. तेही भांडण मला दिसत होते. म्हटले, एका वेळी एक.

दाराआडून बघत होते. भाजी वाढून झाली, संकल्प सुटला आणि पंगत तशीच बसून राहिली. कुणी भाजीला हात लावेना. जन्मभर ज्या महिन्यांत जे पानात पडले नाही, ते समोर हिरवेगार पडले होते. वामनने तर वाढप्याला पुढे सरकवले होते. पानाच्या त्या कोपऱ्यावर त्याने तळहात आडवा धरला होता, नको म्हणताना धरतात तसा.

शास्त्री स्वतःच्या पानावर बसले. आतुर ते नव्हते. त्यांना दिवेलागणीलाही स्वच्छ दिसत होते. त्यांना ही भाजी खायचे काहीच कारण नव्हते. त्यांनी चौलाईचा घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

पंगतीत कुणीतरी हसू दाबले. मग एकाने हात घातला, मग पुढच्याने, आणि ओसरीभर बोटे चालू लागली. वामन मात्र तसाच. वाढपी भांडे घेऊन पुन्हा त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

शास्त्र्यांनी आपल्या पानावरून मान वर न करता म्हटले, "वामन, यज्ञात मला डोळस ऋत्विज हवा आहे. हात काढ."

वामनने पानावरचा हात काढला.